गाडी सोडून सगळं

अमेरिकेतलं मराठी घर ओळखायची सोपी खूण सांगते. गाड्या बाहेर बर्फात उभ्या असतात आणि गराजमध्ये तांदळाची पोती असतात. दोन गाड्या ऐसपैस मावतील अशी जागा, वर सरकणारा दरवाजा, भिंतीवर बटण, गाडीत रिमोट, सगळी जय्यत तयारी. आणि जानेवारीतल्या पहाटे घरचा कर्ता पुरुष ड्राइव्हवेवर काचेवरचा बर्फ खरवडत उभा. समोरच्यांची गाडी मात्र आत उबेत असते. ते कित्येक हिवाळे खिडकीतून हे पाहताहेत. त्यांनी कधी काही विचारलेलं नाही. न्यू जर्सीतले लोक फटकळ म्हणून प्रसिद्ध आहेत, पण आमची गल्ली सभ्य आहे.

घर बघायला गेलो तेव्हा नवऱ्याने ना स्वयंपाकघर नीट पाहिलं, ना बेसमेंटची ओल. तो गराजमध्ये जाऊन उभा राहिला आणि त्याचे डोळे चमकले. या देशाच्या पुराणात सगळे अवतार गराजमध्येच होतात ना! पालो आल्टोला ॲडिसन अव्हेन्यूवरच्या 367 नंबरच्या घरामागे ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी 1939 साली कंपनी काढली. ते गराज आता कॅलिफोर्नियाचं अधिकृत ऐतिहासिक स्थळ आहे आणि तिथे ‘सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान’ अशी पाटी आहे. गूगलवाल्या दोघा पोरांनी 1998 मध्ये मेन्लो पार्कला गराज भाड्याने घेतलं. ॲमेझॉनवाल्या बेझोसने पुस्तकं विकायला काढली तीही सिॲटलजवळच्या एका गराजमधून. तेव्हा आमच्याही गराजमध्ये काहीतरी घडणार हे विधिलिखितच होतं. घडलं. पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी तिथे बोंबील तळले.

यात सासूबाईंचा काही दोष नाही. इथली घरं बांधणाऱ्यांनी फोडणी ही गोष्ट हिशेबातच धरलेली नाही. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीमध्ये भिंत नसते. शेगडीवरचा पंखा बऱ्याच घरांत धूर बाहेर टाकतच नाही. जाळीतून गाळून तुमच्याच तोंडावर परत सोडतो. खाली कार्पेट, आणि दाराशेजारच्या कपाटात सगळ्यांचे हिवाळी कोट. सकाळी मुलं शाळेत पोचायच्या आधी त्यांची मोहरी वर्गात पोचते. म्हणून इथल्या किती तरी देशी बायकांनी, एकमेकींना न विचारता, एकच शोध लावला: गराजमध्ये दुसरी शेगडी. दरवाजा हातभर वर करायचा आणि तळायला बसायचं. बोंबील फ्रोझन, बांगलादेशी दुकानातून आणलेला. तिथे तो दुसऱ्याच नावाने राहतो. अमेरिकेत आल्यावर बऱ्याच जणांचं तसं होतं.

रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतं ते एवढंच: दरवाज्याच्या फटीत दोन लोकरी पायमोजे, त्यावर चढवलेल्या चपला, पातळाचा काठ, आणि वरून लोटणारा धूर. एक वयस्कर शेजारी रोज संध्याकाळी कुत्रा फिरवतात. तो कुत्रा आमच्या ड्राइव्हवेशी येऊन बसतो तो उठायचं नाव घेत नाही. त्याला एका माजी राष्ट्राध्यक्षांचं नाव आहे. सासूबाई त्याला बाळ्या म्हणतात. तो दोन्हींना ओ देतो.

मग पत्र आलं. होमओनर्स असोसिएशन म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला वकील मिळाला तर जे होईल ते. गराजचा दरवाजा फक्त ये-जा करतानाच उघडा असावा, असा नियम क्रमांकासकट कळवलेला होता. मी सासूबाईंना मराठीत करून सांगितलं. त्यांनी झारा खाली न ठेवता ऐकलं आणि म्हणाल्या, “बरं. मग मी ये-जा करत तळीन.”

पुढच्या दाराने आमच्याकडे फक्त पार्सलं येतात आणि नवऱ्याच्या ऑफिसातले लोक. त्यांच्यासाठी पुढे वेगळं घर मांडून ठेवलंय. राखाडी सोफा, पांढऱ्या भिंती, व्हॅनिलाच्या वासाची मेणबत्ती, शेल्फवर पुस्तकांपेक्षा शंख जास्त. कोणत्या देशातली माणसं इथे राहतात हे पोलिसांनाही सांगता येऊ नये. मराठी माणूस गराजमधून येतो. चपला तिथे काढतो, परत करायचे रिकामे डबे तिथे ठेवतो आणि आतल्या पायरीवरूनच “अगं, चहा टाक” म्हणतो. दरवाज्याचा चार आकडी कोड ज्याला माहीत, तो घरचा. हा कोड फारसा गुप्त नसतो (हे चोरांनी वाचू नये). 1674 नाही लागला तर 1630, तोही नाही तर 1960. एका स्नेह्यांनी लेकीची जन्मतारीख ठेवली होती, तर तेच स्वतः दोनदा बाहेर अडकले. आता राज्याभिषेकाचं साल ठेवलंय, कसलीही अडचण नाही.

आतल्या सामानाची यादी करत नाही, रात्र होईल. दुसरा फ्रीज, ॲल्युमिनियमचे ट्रे, झाकणं हरवलेले दह्याचे डबे, लहान झालेले बर्फाचे बूट. मंडळाचे ढोल आमच्याकडे आहेत. कुणीतरी “आठवडाभर ठेवतो हं वहिनी” म्हणून ठेवले आणि त्याची बदली टेक्सासला झाली. ताशे दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या गराजमध्ये आहेत. त्यामुळे कुणा एकाला परस्पर मिरवणूक काढता येत नाही. मंडळाच्या राजकारणात ही व्यवस्था मला फार शहाणपणाची वाटते.

थंडी पडली की कढीपत्त्याची कुंडीही आत येते. सोफ्याशी तिचा रंग जुळत नाही, म्हणून गराजमध्ये, छोट्या हीटरशेजारी. कढीपत्त्याचं इथलं प्रकरण साधं नाही. त्याच्यावर एक बारीक किडा पोसतो आणि तो किडा संत्र्या-मोसंब्यांच्या बागा मारणारा रोग पसरवतो. त्यामुळे भारतातून ताजा पाला आणायला बंदी, आणि फ्लोरिडा-कॅलिफोर्नियातल्या क्वारंटाइन भागातून रोप परराज्यात न्यायलाही निर्बंध. आमच्या आधी आमच्या आमटीचं स्टेटस तपासलं जातं. तर ही कुंडी दरवाज्यापाशी असते, आणि दरवाज्याच्या दोन्ही अंगांना खाली छोटे इलेक्ट्रॉनिक डोळे असतात. मधे काही आलं की दरवाजा बंद व्हायचा थांबतो आणि परत वर जातो. मुलं चेंगरू नयेत म्हणून 1993 पासून नव्या दरवाज्यांना अशी सोय सक्तीची आहे. वाऱ्याने कढीपत्त्याची फांदी डोळ्यापुढे आली की दरवाजा अर्ध्यावर थबकतो आणि उलटा फिरतो. मग थंडीत, नाइट गाऊनवर कोट चढवून, मी त्या फांदीला बाजूला घेते आणि आमचं अर्धं आयुष्य गल्लीला दिसतं.

पण खरा ऐवज मागच्या भिंतीशी आहे. खोके. टीव्हीचा, मायक्रोवेव्हचा, मिक्सरचा, आतल्या थर्माकोलसकट. हे एच-वन-बी या नोकरीवरच्या व्हिसाच्या काळातले. तो व्हिसा एरवी सहा वर्षांचा. ग्रीन कार्डाच्या रांगेत पुरेसे पुढे गेलात तर वाढत राहतो. रांग आपली लांबच लांब, कारण नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी ढोबळमानाने 7 टक्क्यांहून जास्त एका देशाला द्यायची नाहीत. भारताला आणि आइसलँडला एकच माप. मधेच नोकरी गेली तर हातात फार तर 60 दिवस, तेवढ्यात दुसरी शोधा नाहीतर गाशा गुंडाळा. अशा माणसाने टीव्हीचा खोका टाकायचा कसा? दर महिन्याला परराष्ट्र खात्याचं व्हिसा बुलेटिन यायचं, कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते सांगणारं. तारीख पुढे सरकली की घरात श्रीखंड. मागे गेली की नवरा न बोलता गराजमध्ये जायचा आणि खोके नीट रचून यायचा.

यथावकाश तारीख करंट झाली, कार्ड आलं, मग नागरिकत्वाची परीक्षा. हल्ली 128 प्रश्नांची यादी असते, त्यातले 20 विचारतात आणि 12 यावे लागतात. नवऱ्याच्या वेळी 100 होते, 10 विचारत, 6 आले की पास. घटनेत 27 दुरुस्त्या झाल्यात हे त्याला अजून झोपेत विचारलं तरी येतं. घरात किती खोके आहेत हा प्रश्न यादीत नव्हता. शपथ घेऊन आला तेव्हा हातात छोटा कागदी झेंडा होता. तो कुठे ठेवावा याचा त्याने बराच विचार केला आणि शेवटी टीव्हीच्या खोक्यात खोचला. टीव्ही त्याआधीच भंगारात गेला होता.

लेक जन्माने इथलीच, चौदाव्या घटनादुरुस्तीच्या हक्काने. तिला नागरिकत्वासाठी रडण्यापलीकडे काहीच करावं लागलं नाही. सतराव्या वर्षी तिला प्रोबेशनरी लायसन्स मिळालं, आमची जुनी गाडी मिळाली आणि तिने मागणी मांडली की गाडी आत लागली पाहिजे.

“बाबा, टीव्ही नाहीये. मग खोका कशाला?”

“चांगला खोका आहे.”

“तुम्ही दोघं इथे राहताय की निघालायत?”

“राहतोय,” नवरा म्हणाला. “पण खोका चांगला आहे.”

तिला हे उत्तर वेडेपणाचं वाटलं. मला विचाराल तर इमिग्रेशनवर आजवर ऐकलेल्या भाषणांपेक्षा ते जास्त सरळ होतं. शेवटी तिने निळी चिकटपट्टी आणली आणि जमिनीवर मधोमध रेघ मारली. अर्ध्यात तिची गाडी. उरलेल्या अर्ध्यात आम्ही, ढोल, तांदूळ आणि कढीपत्ता. शेगडी तिच्या हद्दीत गेली.

मे महिन्यात सासूबाई पुन्हा आल्या. नेवार्क विमानतळावर अधिकाऱ्याने दोन प्रश्न विचारून राहायला सहा महिने दिले. गराजमध्ये नात रेघेच्या पलीकडे क्लिपबोर्ड घेऊन उभी होती.

“पर्पज ऑफ व्हिजिट?”

“बोंबील.”

“किती दिवस राहणार?”

सासूबाईंनी मागच्या भिंतीकडे एकवार पाहिलं. “तुझा बाप ते खोके टाकेपर्यंत.”

“मग तुला ग्रीन कार्डच लागणार, आजी,” ती म्हणाली आणि गाडीची किल्ली शोधायला लागली.