डिकीच्या झाकणावरचा दाढीवाला

बिल चुकतं झालं, गाडी गेली, तरी ते झाकण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, पोमोनाच्या अलीकडे, जुन्या गाड्या नव्या करणाऱ्या एका गॅरेजात मी रेघा ओढतो. पिनस्ट्रायपिंग आणि लेटरिंग. कोल्हापुरात मामाच्या हाताखाली ट्रकच्या फाळक्यांवर कमळं आणि ‘हॉर्न ओके प्लीज’ काढत शिकलो, तेच इथं डॉलरात करतो. मामा म्हणायचा, “रेघ मनगटानं न्हाई वडायची, खांद्यानं वडायची.” इथल्या बुजुर्गांनी मला याहून वेगळं काही शिकवलेलं नाही. ब्रश तेवढा निराळा. खारीच्या केसांचा, तलवारीच्या पात्यासारखा तिरका कापलेला, दांडी जेमतेम बोटभर. लांब केसांत रंग भरपूर मावतो, म्हणून हात न उचलता दोन-तीन फूट रेघ एका दमात जाते. श्वास सोडत जायचं. मध्ये कुणी हाक मारली तर पुसायचं आणि पुन्हा.

गाडी होती १९२९ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची, १९३२च्या फोर्डच्या चासीवर चढवलेली, आत मर्क्युरी गाडीचं २३९ घनइंची फ्लॅटहेड व्ही-८ इंजिन. मडगार्ड नाहीत, पुढचा अ‍ॅक्सल खाली घेतलेला. भंगारातली स्वस्त फोर्ड घ्यायची, जड ते सगळं काढून टाकायचं, दुसऱ्या गाडीचं दणकट इंजिन कोंबायचं आणि कोरड्या पडलेल्या तळ्यांवर पळवायची: दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी हा उद्योग महायुद्धाच्या आधीच सुरू केला होता, युद्धावरून परतल्यावर तो फोफावला. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. आज ‘ट्रॅडिशनल’ हॉट रॉड म्हणणारे लोक साधारण साठच्या दशकाच्या मध्यानंतरचा एक नटही गाडीत चालवून घेत नाहीत. आमच्या वारकऱ्यांत इतकं सोवळं पाहिलं नाही.

गिऱ्हाईक चाळिशीचं, सॉफ्टवेअरवालं. डोक्यावर काळी बेरे टोपी, हनुवटीवर मोजून कापलेली दाढी. त्याला गाडी मंद काळी हवी होती, कोपऱ्यांवर जरा झिजलेली दिसेल अशी. नवा रंग मारून तो मुद्दाम घासायचा आणि त्याचे जास्त पैसे घ्यायचे, ही आमच्या धंद्यातली सर्वांत फायद्याची लबाडी आहे. मी ती करतो. आवडत नाही.

सोमवारी सकाळी डिकीचं झाकण लाकडी घोड्यांवर ठेवलं आणि कडेला नखानं टोकरलं, तर काळ्या रंगाचा रुपयाएवढा पापुद्रा अलगद हातात आला. खाली पांढरं. त्यात एक डोळा.

इथं मला थोडं रंगाचं सांगावंच लागेल. वरचा काळा म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला तेली इनॅमल, घरच्या दाराला मारतात तसा, रुंद ब्रशनं फासलेला. खालचं चित्रही लेटरिंगच्या इनॅमलमधलं. दोघं एकाच जातीचे. वरचा विरघळवेल आणि खालच्याला हात लावणार नाही असं कुठलंच थिनर नाही. आणि सगळ्यात खाली मूळ लॅकर, त्याला थिनरचा थेंब लागला की तो गुळासारखा वितळतो. एरवी असं चित्र गेलंच म्हणून सोडून द्यायचं. पण हा पापुद्रा सुटत होता, कारण मध्ये वॅक्स होतं. एका हाताचं नव्हे, थरावर थर. कुणीतरी ते चित्र वर्षानुवर्षं पॉलिश केलं होतं आणि मग एके दिवशी, न घासता, न पुसता, त्यावर काळा फासला होता. घाईत माणूस असंच रंगवतो.

तीन दिवस प्लॅस्टिकच्या पात्यानं मी तो काळा सोलला. मास्क लावून, पाण्याचा हात देत, कारण त्या काळच्या रंगात शिसं असायचं. मालक तासातासानं येऊन विचारायचे, “अजून नाही?” मालकांना रंगातलं कळतं, वेळेतलं कळत नाही.

बुधवारी संध्याकाळी पूर्ण माणूस समोर आला. काडीसारखा, डोक्यावर बेरे, काळा चष्मा कपाळावर, डोळे बाहेर आलेले, बोकडदाढी, गुडघ्यांत बोंगोचे जोडढोल. खाली ‘५९’. नाकाखालचा रंग मात्र पापुद्र्याबरोबर उडाला होता. तोंडच नव्हतं.

मालक ओरडले, “फॉन डच!” या भागात डोळा असलेलं कुठलंही वाकडं चित्र फॉन डचचंच असतं. केनेथ हॉवर्ड त्याचं खरं नाव, १९२९चा जन्म, साइन पेंटरचा मुलगा, उडत्या डोळ्याचं चिन्ह त्याचं. बॉनेटवरची क्रोमची चिन्हं काढल्यावर ग्राइंडरचे जे ओरखडे राहायचे ते झाकायला त्यानं रेघांच्या वेली चढवल्या आणि त्यातून एक कला उभी राहिली, असं आमच्या धंद्यात सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. पण हे चित्र त्याचं नव्हतं. वळणावर रेघ जाड होत होती. हा हात शिकाऊ होता.

गिऱ्हाइकाला मात्र आनंद मावेना. “बघ, म्हणजे खरंच होतं हे! हॉट रॉडवाले आणि बीटनिक, एकच टोळी!” मीही मान डोलावली आणि वर ज्ञान पाजळलं. बीट कवी, म्हणजे पन्नासच्या दशकातले अमेरिकेतले बंडखोर कवी, मला कॉलेजात मराठीच्या सरांकडून माहीत. अनियतकालिकांच्या चळवळीवर बोलताना ते गिन्सबर्गवर यायचेच. १९६२ साली तो मुंबईत येऊन राहिला होता. आणि हॉट रॉड बांधणाऱ्या एड रॉथच्या १९६१च्या गाडीचं नावच ‘बीटनिक बँडिट’. वर पारदर्शक बुडबुडा, स्टिअरिंगचं चाक नाही, पेडल नाहीत, सगळं एका दांडीवर. ती नेव्हाडातल्या रीनोच्या मोटार-संग्रहालयात आहे आणि १९६८ला हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा खेळण्यातल्या गाड्यांतही होती. कॉफीहाउसं, जॅझ, कारखान्यातून येते तशी गाडी वापरायची नाही हा हट्ट, सगळं मी एका माळेत ओवलं. माळ छान दिसत होती.

शुक्रवारी गाडी विकणारे गृहस्थ आले. वय ८२. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, तो वारला होता. हातातली काठी झाकणाला टेकवून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “हे अजून आहे?”

चित्र त्यांच्या भावाचंच. भाऊ दिवसा विमानाच्या कारखान्यात लेथ चालवायचा, रात्री गाडी बांधायचा आणि शनिवारी एकटाच इथल्याच, लॉस एंजेलिसच्या व्हेनिसच्या समुद्रकाठी कविता ऐकायला जायचा. त्याच्या हॉट रॉड क्लबातल्या पोरांना ते कळलं. १९५९चा तो हिवाळा. सप्टेंबरात टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत मेनार्ड क्रेब्स हे बीटनिकचं पात्र सुरू झालं होतं, बोकडदाढीवाला, ‘काम’ शब्द ऐकला की किंचाळणारा. सगळ्या देशाला हसायला एक सोंग मिळालं होतं. पोरांनी एका रात्री गॅरेजात शिरून झाकणावर भाऊ रंगवला.

“तो स्वतःला बीटनिक म्हणायचा?” गिऱ्हाइकानं विचारलं.

“ती शिवी होती,” म्हातारबा म्हणाले.

बरोबरच आहे. ‘बीट’ कवींचा स्वतःचा शब्द. त्याला १९५८च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोच्या हर्ब केन नावाच्या स्तंभलेखकानं स्पुटनिकमधल्या ‘निक’चं शेपूट लावलं, चिडवायला. हे मला माहीत होतं, आणि तरी आदल्या दिवशी मी माळ ओवत बसलो होतो. म्हणजे ज्याला मी दोन जगांची दोस्ती समजत होतो ती एका पोराची केलेली टवाळी होती. टोपी, बोंगो, दाढी हे सगळं टीव्हीनं आणि वर्तमानपत्रांनी पुरवलेलं सामान. रॉथनंही तेच उचललं असणार, फक्त तो स्वतःवरही हसू शकत होता.

पण मग वॅक्सचं काय?

मी म्हातारबांना पापुद्रा दाखवला, आतली पिवळट चकाकी दाखवली. टवाळीचं चित्र कुणी इतकी वर्षं पॉलिश करतं? त्यांनी पापुद्रा उलटसुलट केला. “तो सगळ्याच गाडीला करायचा.” काळा कधी फासला? ते लष्करात होते, परत आले तेव्हा झाकण काळं होतं. विचारलं नाही? “आम्ही विचारणारे लोक नव्हतो.”

प्रश्न तोंडाचा उरला. म्हातारबांना आठवत होतं: दात पुढे, जीभ बाहेर, लाळ. गिऱ्हाइकाला हवं होतं ओठांच्या कोपऱ्यातलं हसू, रुबाबदार. ते मला बाजूला घेऊन म्हणालं, “पैसे मी देतोय.” मालक म्हणाले, सोमवारपर्यंत दे.

शनिवारी मी एकटा थांबलो. आधी सगळ्या चित्रावर वेगळ्या जातीच्या वार्निशचा एक पातळ हात दिला, म्हणजे मी जे काढेन ते उद्या कुणाला काढून टाकता येईल आणि जुन्याला धक्का लागणार नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, याचे पैसेही लावले नाहीत. मग ब्रश भरला आणि हात थांबला. जीभ काढली तर मी त्या पोरांत सामील. हसू काढलं तर खोटारडा.

शेवटी धंद्यातली जुनी युक्ती केली. ओरखडा दिसू नये म्हणून वरून रेघ. दाढी जराशी वर नेली, तोंडाच्या जागी एक सिगरेट दिली आणि तिच्यातून धुराची रेघ: नाकावरून, चष्म्याच्या कडेनं, वर टोपीपर्यंत, एका श्वासात. इतकी चांगली रेघ मी वर्षभरात ओढली नसेन. तोंड धुराआड गेलं. हसतंय की जीभ काढतंय, बघणाऱ्यानं ठरवावं.

गिऱ्हाईक वेडं झालं. मालकांनी फोटो काढला आणि बिलावर ‘मूळ चित्राची पुनर्स्थापना’ असं लिहिलं. मी काही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी म्हातारबांचा फोन आला. गिऱ्हाइकानं त्यांना फोटो पाठवला होता. काम छान झालंय म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, “फक्त एक. तो सिगरेट ओढायचा नाही. लहानपणापासून दमा होता त्याला. म्हणून तर व्हेनिसला जायचा, तिथली हवा त्याला मानवायची. कविता त्याला तिथं गेल्यावर सापडल्या.”

मी माफी मागितली. ते म्हणाले, “त्या पोरांनाही माहीत नव्हतं.”

वार्निशचा तो हात आहे, त्यामुळे सिगरेट एका दुपारी निघेल. गिऱ्हाइकाला मी अजून सांगितलेलं नाही.