‘तुम्ही घरी का नव्हता?’

मागच्या वर्षी दादा गेले, आमचे वडील. मी सेकंड शिफ्टला होतो, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. घरी आलो तर दारात चपलांचा ढीग. त्यानंतर झोपच लागेना. छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं.

एका रात्री दीड वाजता १४४१६ ला फोन लावला. टेलिमानस म्हणतात त्याला. मनाच्या त्रासासाठी २०२२ साली सुरू झालेली सरकारी सेवा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि समुपदेशकांना प्रत्यक्ष भेटा म्हणाल्या.

पहिले भेटले ते शिकलेले, वेळेचे पक्के. पण मी तोंड उघडलं तसं म्हणाले, "जरा हळू बोला." पंधरा वर्षं लूमच्या खडखडाटात गेलीत, आवाज चढाच राहतो. तिथंच मी आखडलो. मग त्यांनी विचारलं, "त्या रात्री तुम्ही घरी का नव्हता?" त्यांच्या मनात वाईट नसेल. पण आत्यानं मातीच्या दिवशी हेच विचारलं होतं, आणि मी स्वतःला रोज हेच विचारत होतो. छातीवरच्या दगडाला ते ‘अँग्झायटी’ म्हणाले, कागदावर तसं लिहिलं. परत गेलो नाही. दोन महिने तसेच काढले.

मग बायकोनं हट्टानं सात रस्त्याजवळच्या एका मॅडमकडे नेलं. माझा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "लूमवर असता ना? बोला मोकळेपणी, मी दार लावते." आणि विचारलं, "त्या रात्री काय काय झालं?" ‘का’ आणि ‘काय’, एका अक्षराचा फरक. पण पहिल्याला जाब द्यावा लागतो, दुसऱ्याला नुसतं सांगता येतं. मी अडखळलो तरी त्या मध्ये बोलायच्या नाहीत, थांबायच्या. पुढच्या खेपेला विचारलं, "दगड आज किती जड आहे?" माझाच शब्द त्यांनी जपून ठेवला होता.

हे शिकवतात का, असं मी एकदा विचारलं. त्यांनी कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं नाव सांगितलं. त्यानं १९५७ मध्येच मांडलंय म्हणे: समोरच्याला विनाअट स्वीकारायचं, त्याच्या जागेवरून समजून घ्यायचं आणि आपण खोटं वागायचं नाही.

चौथ्या भेटीत, दादांनी जाताना माझं नाव घेतलं होतं हे सांगायला लागलो आणि आवाज आपोआप खाली गेला. मे महिना, बाहेर बेचाळीस अंश. मॅडम उठल्या, पंखा बंद केला आणि परत समोर येऊन बसल्या.