सरकीची ढेप आणि प्रकाशाची भट्टी

हिंगणघाट तालुक्यातील एका गोशाळेत आमच्या छोट्या कंपनीची प्रकाशावर चालणारी रासायनिक भट्टी चाचणीसाठी बसवलेली आहे. तेथील गवळाऊ गाईंच्या शेणापासून निघणाऱ्या गोबरगॅसमध्ये साधारण 60 टक्के मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. या दोहोंची एकमेकांशी अभिक्रिया घडवून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण मिळवणे हे तिचे काम. त्या मिश्रणापासून पुढे मिथेनॉल बनवता येते. निकेलच्या उत्प्रेरकावर (उत्प्रेरक म्हणजे स्वतः न खपता अभिक्रियेला गती देणारा पदार्थ) हेच करायचे तर 800 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते आणि वर उत्प्रेरकावर काजळी धरते ती वेगळीच. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील नाओमी हलास आणि पीटर नॉर्डलँडर यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवून दिले की तांब्याच्या अतिसूक्ष्म कणांवर रुथेनियम या महागड्या धातूचे सुटे अणू बसवले, तर बाहेरून उष्णता न देता केवळ प्रकाशाच्या बळावर ही अभिक्रिया घडते. तांबे प्रकाश शोषून घेते आणि रुथेनियमच्या जागी रेणू तुटतात. आमची भट्टी याच तत्त्वावर चालते; क्वार्ट्झच्या पारदर्शक नळीतील उत्प्रेरकावर एलईडी दिव्यांचा प्रकाश पडतो.

मे महिन्यात एके दिवशी सकाळपासून बाहेर पडणाऱ्या वायूतील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण उतरू लागले आणि दुपारपर्यंत ते निम्म्यावर आले. पहिला संशय अर्थातच एलईडीवर गेला, कारण एलईडी तापली की तिचा उजेड कमी होतो आणि आमच्याकडचा मे काय असतो हे वर्धेच्या लोकांना सांगायला नको. परंतु थंड पाण्याचा प्रवाह ठीक होता, प्रकाशमापकाचा आकडा हलला नव्हता आणि क्वार्ट्झच्या नळीवर धूळही नव्हती. गोठ्याच्या छपरावरील सौर पॅनेलचा वीजपुरवठा स्थिर होता.

या पॅनेलविषयी येथेच सांगून टाकतो, कारण भेटीला येणारे बहुतेकजण ‘महावितरणची जोडणी का घेत नाही’ असे विचारतात. एक किलो कार्बन डायऑक्साइड या अभिक्रियेत खपवायला, कणभरही ऊर्जा वाया गेली नाही असे धरले तरी, दीड युनिटहून थोडी अधिक ऊर्जा लागते. आपल्या देशातील ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे चंद्रपूरच्या कोळशावरची वीज वापरली, तर एक किलो खपवताना एक किलोहून अधिक बाहेर सोडल्यासारखे होईल. एलईडीमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरली तर हिशेब आणखी बिघडतो. असली भट्टी विकण्यात मला स्वारस्य नाही.

उजेड निर्दोष ठरल्यावर उरला वायू. शेणाच्या वायूत थोडा हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू, असतोच, आणि त्यातील गंधक रुथेनियमला असे चिकटते की पुढच्या रेणूला तेथे जागाच उरत नाही. म्हणून भट्टीच्या आधी गंजवलेल्या लोखंडी किसाने भरलेला एक पिंप ठेवलेला आहे. गंज गंधक धरून ठेवतो आणि तांबड्याचा काळा होतो. पिंपाच्या पुढच्या नळावर हायड्रोजन सल्फाइडने काळा पडणारा लेड ॲसिटेटचा कागद धरला, तर तो पाहता पाहता काळा पडला. वास मात्र जाणवत नव्हता. ही या वायूची वाईट खोड आहे; त्याचे प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. भट्टीकडे जाणारा वायू लगेच बंद केला, स्वयंपाकघराची जोडणीही बंद करायला लावली आणि त्या दिवशीचा चहा चुलीवर झाला.

पिंप गंधकाने इतक्या लवकर का भरला, याचे उत्तर गोठा सांभाळणाऱ्या काकांनी सहज दिले. वळवाच्या पावसात सरकीच्या ढेपेची काही पोती भिजली होती. “बुरशी लागली होती जी, जनावराले कशी चारू? म्हून टाकीत टाकून देली.” त्यांनी केले ते योग्यच होते, बुरशीची ढेप गाईला घालणे हा गुन्हाच झाला असता, आणि गोबरगॅसच्या टाकीच्या दृष्टीने ती उत्तम खुराक होती. पण ढेपेत प्रथिने भरपूर, प्रथिनांत गंधक, आणि टाकीतील जिवाणू ते गंधक वायूच्या रूपाने बाहेर सोडतात. हायड्रोजन सल्फाइड मोजणाऱ्या डिटेक्टर ट्यूबवरील आकडा नेहमीच्या तिपटीच्या पुढे गेला होता.

त्यानंतरचे काम धोक्याचे होते. गंधक धरलेला कीस हवेत उघडा पडला की तापतो, प्रसंगी पेटतो. आणि बाजूलाच कडब्याची गंजी होती. आम्ही पिंपात पाणी सोडून कीस भिजवला, गंजीपासून दूर कडुनिंबाखाली पत्र्यावर त्याचा पातळ थर पसरला आणि अंधार पडेपर्यंत त्यावर पाणी शिंपडत राहिलो. हवा लागून तो पुन्हा तांबडा होतो व काही वेळा तरी परत वापरता येतो. उत्प्रेरकाचे भाग्य तेवढे नव्हते; ते नळकांडे बदलावे लागले आणि रुथेनियमचा भाव पाहता ते खिशाला चांगलेच लागले.

आता तेथे एकामागे एक असे दोन पिंप आहेत आणि त्यांच्यामध्ये काचेच्या नळीचा तुकडा बसवून त्यात थोडा कीस भरला आहे. तो काळवंडला की पहिला पिंप बदलायचा, हे कोणालाही कळते. यंदा अधिक तेजस्वी एलईडी घेण्यासाठी ठेवलेले पैसे मी वायूच्या शुद्धीकरणाकडे वळवले आहेत. गुंतवणूकदारांना दाखवायला लखलखणारी नळी लागते आणि गंजक्या किसाकडे कोणी ढुंकून पाहत नाही, हे मला ठाऊक आहे. टाकीत काय टाकावे यावर मात्र आम्ही गोशाळेवर कोणतेही बंधन घातले नाही. ढेप असो, सोयाबीनचा कुटार असो, पंगतीचे उरलेले वरण असो, टाकण्याआधी काकांनी फोन करायचा, एवढेच ठरले आहे; आणि अलीकडे ते फोन करण्याऐवजी व्हॉट्सॲपवर टोपल्याचा फोटो पाठवतात.