दुखणं थांबलं तेव्हा

भाताची लावणी ऐन भरात होती. सिंधुदुर्गातल्या आमच्या छोट्या रुग्णालयात दुपारी चारला पन्नाशीतले एक काका आले. डावी पोटरी सुजलेली. तीन दिवसांपूर्वी चिखलात काटा लागलेला, मधुमेहाच्या गोळ्या महिनाभर बंद. वरवर पाहिलं तर नुसती लाली, साध्या सेल्युलायटिससारखी, म्हणजे कातडीच्या जंतुसंसर्गासारखी. पण लालीच्या वीतभर वर, चांगल्या दिसणाऱ्या कातडीला हात लावला तरी काका ओरडत होते. दिसत होतं थोडं आणि दुखत होतं फार. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली: हा कातडीखालचं आवरण झपाट्याने सडवणारा जंतुसंसर्ग, नेक्रोटायझिंग फॅसायटिस, तर नाही?

लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढली, रक्त पाठवलं, अँटिबायोटिक्स सुरू केली. साखर ४१२, पांढऱ्या पेशी २४ हजार, दोन्ही फार वाढलेल्या; सोडियम १२८, घसरलेलं. असे जंतू कधी कधी कातडीखाली गॅस तयार करतात; एक्स-रेत तो नव्हता, पण तेवढ्यावर निर्धास्त व्हायचं नसतं.

सहा वाजता काका शांत पडले होते. "डॉक्टरांनू, आता दुखणा नाय." काकींचा चेहरा उजळला. मुलगा विचारायला लागला, उद्या घरी नेऊ का? मी रेघ पाहिली. लाली तिच्या चार बोटं पुढे गेली होती, पोटरीवर जांभळा फोड आला होता. सुई टोचली, काकांना कळलंच नाही. कातडीच्या नसा मेल्या होत्या.

"पाय कापणार?" मुलाने विचारलं.

"वाचवायलाच आत जायचंय, पण आत्ताच. तिथल्या रक्तवाहिन्या गोठल्यात, सलाईनमधलं औषध पोचणार कुठून?"

बीपी वरचं जेमतेम ९० असताना आमच्या भूलतज्ज्ञांनी केस घेतली, हे मी कधीच विसरणार नाही.

पहिला छेद घेतला, रक्त आलं नाही. आलं ते भांडी विसळलेल्या पाण्यासारखं, राखाडी आणि पातळ. स्नायूवरचं आवरण, फॅशिया, एरवी पांढरं चकचकीत असतं. इथे ते भिजलेल्या वर्तमानपत्रासारखं झालं होतं. त्यावरून बोट फिरवलं तर ते घोट्यापासून गुडघ्यापर्यंत विनासायास सरकत गेलं. निरोगी पायात तिथे कात्री चालवावी लागते. ताजं रक्त दिसेपर्यंत कापत राहिलो. खालचा स्नायू लाल होता, चिमटा लावला की आकसत होता. पाय राहणार होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा थिएटर, तिसऱ्या दिवशी पुन्हा. जंतूंचं विष तयार होणं थांबावं म्हणून क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक चालूच होतं. नवव्या दिवशी ड्रेसिंग सोडवताना काका जोरात कळवळले. काकी घाबरून धावल्या, मला मात्र हायसं वाटलं.

मांडीची कातडी पोटरीला लावून ते घरी गेले, तेव्हा शेतातलं भात पोटरीवर, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या बेतात, आलं होतं.