रुळावर कामून झोपले

गावाचं नाव सांगितलं की लोक जरा थबकतात. "करमाड? म्हणजे ते रुळावरचे मजूर..." परवा परभणीच्या लग्नात पंगतीला तुम्ही शेजारी बसला होतात. तुम्ही तर वरणभात कालवता कालवताच विचारलंत, "पण रुळावर कामून झोपले असतील हो?" तेवढ्यात वाढपी आला आणि माझं उत्तर अर्ध्यावर राहिलं. तुम्ही विचारलंत म्हणून आता नीट सांगतो.

तारीख ८ मे २०२०, कोरोनाच्या लॉकडाऊनचे दिवस. पहाटे सव्वापाचच्या सुमाराला जालना-औरंगाबाद लाईनवर बदनापूर आणि करमाड स्टेशनांच्या मधे, सटाणा शिवारात, मालगाडीखाली १६ माणसं गेली. १४ जागीच, दोघं नंतर. एकूण २० जण होते. जालन्याच्या स्टील कारखान्यात कामाला होते. गावं मध्य प्रदेशात, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांत. घरी जायच्या पाससाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं वाचलेल्यांनी सांगितलं. भुसावळकडून मजुरांसाठी सोडलेली खास गाडी मिळेल या आशेवर आदल्या संध्याकाळी निघाले आणि रात्रीतून छत्तीसेक किलोमीटर चालले.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही एकटेच नाही विचारत. आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयातही बोलणं निघालं, की माणसं रुळावरच झोपली तर कोण काय करणार.

माझे वडील याच लाईनवर गँगमन होते, मीटरगेज असल्यापासून. निजामाच्या काळात, १९०० साली पडलेली ही मनमाड-सिकंदराबाद लाईन. तिच्याकडेनं आमचं बालपण गेलं, म्हणून सांगतो. मे महिन्यात रात्रीच्या अंधारात लाईनच्या बाजूला पाठ टेकून बघा. उतारावर खडी, खाली बाभळीचे काटे, त्यापलीकडं नांगरून टाकलेलं काळं रान, एकेक ढेकूळ उशीएवढं. वर उन्हाळ्यात इंचूकाट्याचं भय. सपाट, कोरडी, उंच जागा एकच, दोन रुळांच्या मधली. रस्त्यानं जावं तर नाक्यावर पोलीस. रूळ धरला की वाट चुकत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. आणि रेल्वे तर बंद होती.

माझं सगळं उत्तर या 'बंद'मध्ये आहे. मार्चपासून टीव्हीवर, पेपरात, सगळ्यांच्या तोंडी एकच, रेल्वे बंद. बंद होती ती माणसांची गाडी. मालगाड्या एक दिवस थांबल्या नाहीत. ही गाडी म्हणजे हैदराबादजवळच्या चर्लापल्लीहून मनमाडकडं पानेवाडीला निघालेले पेट्रोलचे रिकामे टँकर. पानेवाडीच्या डेपोतून आपल्याकडच्या पंपांना तेल येतं. लॉकडाऊनमध्ये आपल्या मोटारसायकली फिरल्या त्या त्याच तेलावर. वडील म्हणायचे, "गाडी बंद असती, लाईन बंद नसती." हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, रात्री अंथरुणात पडून गाडीचा आवाज ऐकणाऱ्या आख्ख्या करमाडाला माहीत होतं. गाव काही किलोमीटरवर राहिलं होतं. उजेडी पोचले असते तर पाण्याच्या तांब्याबरोबर कुणीतरी सांगितलंच असतं, बाबांनो, लाईनीवरून उतरा. मला राहून राहून हेच लागतं.

आवाजानं जाग कशी आली नाही, असंही विचारतात. ड्रायव्हरनं माणसं बघितली, थांबवायचा प्रयत्न केला. पण मालगाडी म्हणजे काही सायकल नव्हे. ब्रेक लागल्यावरही ती कितीतरी पुढं जाते. आणि ती वेळ साखरझोपेची. माझा आपला एक अंदाज आहे, खोटाही असेल. भट्टी आणि रोलिंग मिलचा खडखडाट रात्रंदिवस कानात घेऊन, पाळी संपली की तिथंच कारखान्याच्या आवारात पडणारी ही माणसं. लोखंडाच्या आवाजाची त्यांना झोपेतसुद्धा सवय झालेली असणार.

फोटो तुम्हीही पाहिला असेल, रुळामधे विखुरलेल्या पोळ्यांचा. लोक त्यावर कविता करत बसले. माझ्या आईनं मोबाईल हातात घेतला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "खाल्ल्या न्हाईत. पुढल्या वाटंला ठेवल्या व्हत्या." घरात मग त्या दिवशी चूल उशिरानं पेटली. चौकशी बसली, दोन्ही राज्य सरकारांनी पाच-पाच लाख जाहीर केले, मृतदेह रेल्वेनंच गावी नेले. तो हिशेब तुम्ही पेपरात वाचलेला आहे.

हात धुताना तुम्ही आणखी एक विचारलं होतंत, जे वाचले ते कुठं झोपले होते. वाचलेल्यांतले तिघं रुळापासून जरा बाजूला पडले होते. गाडी दिसल्यावर त्यांनी खूप हाका मारल्या.