'मोटिव्हेशन कमी'

स्ट्रोक झालेली बाई समोर आली की आम्हा ओटीवाल्यांचं (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून देतात ती थेरपी) पेन आपोआप 'किचन ॲक्टिव्हिटीज'कडे वळतं. माझंही वळलं. नवरा शेजारी बसलेला, मी विचारतेय, तो मान डोलावतोय, बाई गप्प, आणि मी लिहून मोकळी: चिरणे, भांडी उचलणे वगैरे. तीन-चार सेशन झाली तरी उजव्या हाताचं त्या काही मनावर घेईनात, मग मी फाईलमध्ये टाकलं, 'मोटिव्हेशन कमी'.

एकदा नवरा फोन घ्यायला बाहेर गेला तर हळूच म्हणाल्या, "मॅडम, हात सुधारला की परत सगळं माझ्यावरच येणार ना? मला आधी सही जमू दे. बँकेचं सगळं आता हेच बघतात."

गंमत म्हणजे मी सीओपीएम, म्हणजे कॅनेडियन ऑक्युपेशनल परफॉर्मन्स मेझर, भरून घेतलं होतं हो! १९९१ पासूनचं टूल आहे, पेशंटनेच सांगायचं की कुठलं काम किती महत्त्वाचं, १ ते १० मध्ये. पण खोलीत आणखी कोण बसलंय हे कुठे भरायला तिथे रकानाच नाही. आणि आपण दोघी बायकाच आहोत म्हणून ती मोकळं बोलेल हाही माझा गैरसमज, कारण डिस्चार्जचा शेरा लिहिणार मी, ती मला मॅडम म्हणणार आणि मी तिला न विचारताच काकू, वयात फार तर पाच वर्षांचा फरक असेल.

हे आमच्यात मुरलंय कुठून? पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करी हॉस्पिटलांत हेच काम करणाऱ्या मदतनीस, त्यांना 'रिकन्स्ट्रक्शन एड' म्हणत, सगळ्या बायका, लष्करी हुद्दा नाही, डॉक्टर सांगेल ते करायचं. आजही या कामात बायकाच जास्त, गोड बोला, समजून घ्या, हे आमच्याकडून धरलेलंच असतं (त्याचं बिल कोणी लावत नाही). ऐकून घ्यायची सवय लागलेल्या आम्ही पेशंटनेही ऐकावं म्हणतो आणि त्याला कंप्लायन्स असं भारी नाव देतो.

असो. जाड ग्रिपचं पेन दिलं, कागदावर चौकोन आखला. पहिल्या सहीची शेपटी चौकोनाबाहेर टेबलावर गेली आणि त्या चक्क हसल्या, पुढच्या वेळी पाच मिनिटं आधीच येऊन बसल्या. नवऱ्याला मी बाहेरच थांबायला सांगितलं, त्याला ते आवडलं नाही.

'मोटिव्हेशन कमी'वर एक रेघ मारली आणि बाजूला माझी सही केली, फाईलमध्ये काही खोडलं की करावी लागते.