चिमूटभर मीठ

कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीतून काकूंचा फोन आला, "पाण्याला कुबट वास मारतोय, मशीन बघून जा." घरगुती प्युरिफायर दुरुस्त करणं हे माझं काम. गेलो तर स्वयंपाकघरात माझ्या आधीच टाय लावलेला एक तरुण हजर. ओट्यावर दोन काचेचे पेले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेलं आरओचं. दोन्ही पेल्यांवर त्याने सळ्यांचं यंत्र ठेवलं आणि बटण दाबलं.

हा खेळ मी बऱ्याचदा पाहिलाय, तरी उभा राहिलो. नळाच्या पाण्यात सळ्यांभोवती आधी बुडबुडे, मग पिवळसर धागे, मग हिरवट-तपकिरी गाळ. थोड्या वेळात पेल्यातून पलीकडचं दिसेना. आरओचा पेला होता तसा स्वच्छ.

"काकू, हे तुम्ही नातवाला पाजताय," तो म्हणाला. काकांनी कपाळाला हात लावला. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी दारातच उभे होते. त्यांनी आधीच त्याच्याकडून मशीन घेतलं होतं, त्यामुळे चेहऱ्यावर "मी सांगत नव्हतो?"

मी काकूंकडे मीठ मागितलं, चिमूटभर आरओच्या पेल्यात टाकलं, ढवळलं आणि त्याला म्हटलं, "आता लाव."

"सर, तसं करायचं नसतं."

"लाव की, घाबरतोस कशाला!" हे काकूंचं.

त्याने लावलं. नळाच्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर तो पेला गंजाच्या रंगाचा झाला. कुणी काही बोलेना. मग मीच सांगितलं की यातल्या सळ्या लोखंडाच्या आहेत, वीज गेली की त्याच झिजून पाण्यात उतरतात आणि हा गाळ त्यांचाच. वीज वाहायला पाण्यात क्षार लागतात. आरओने ते जवळजवळ सगळे काढलेले, म्हणून तिथे काही झालं नाही. मीठ टाकलं, वाट मोकळी झाली. पोराने सामान गोळा केलं. त्याचा मला राग नाही, त्याला शिकवून पाठवणाऱ्यांचा आहे.

नळाच्या पाण्यात मीटर बुडवला तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, ६८. खडकवासल्याचं पाणी मुळात गोडं. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएसची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. वाघोली-उंड्रीकडे बोअरच्या पाण्यात मीटर हजाराच्या पुढे जातो, तिथे मी स्वतःच आरओ लावायला सांगतो. इथे त्याचं काय काम? पण मीटर फक्त क्षार सांगतो. जंतूंबद्दल तो चकार शब्द काढत नाही आणि वासाबद्दलही नाही. म्हणजे काकूंची तक्रार होती तिथेच होती.

मशीन उघडलं. बाहेरच्या हाउसिंगमधली गाळ अडवणारी कँडल पांढऱ्याची चॉकलेटी झालेली, हाताला बुळबुळीत. यूव्हीची ट्यूब निळी पेटत होती, पण साधारण वर्षभराने तिची जंतू मारायची ताकद उतरते, आणि ही जुनाट होती. त्यात पाणी गढूळ असलं की प्रकाश आरपार पोचतही नाही.

मग क्लोरीन तपासायचे ओटीचे थेंब काढले. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक वापरतो तेच. पालिकेचं पाणी खालच्या हौदात पडतं तिथे धरलं, थेंब टाकले तर छान पिवळं, म्हणजे क्लोरीन आहे. काकूंच्या नळाला धरलं तर पांढरं फटक. क्लोरीन वाटेतच कुणीतरी खाल्लं होतं.

गच्चीवर गेलो. टाकीचं झाकण तडकलेलं, वर वीट ठेवलेली, फटीतून कबुतरांची पिसं आत. बॅटरी मारली तर तळाला चांगला बोटभर गाळ. सेक्रेटरी म्हणाले, "दिवाळीला धुतली होती." कुठल्या दिवाळीला, हे मी विचारलं नाही.

टाकी उपसली, घासली, ब्लीचिंगच्या पाण्याने धुऊन ते वाहून जाऊ दिलं. नवं पाणी भरताना १,००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, बादलीत कालवून वरची निवळी तेवढी ओतायची आणि अर्धा तास थांबायचं. झाकण नवं. काकूंची कँडल आणि ट्यूब बदलली. मशीनमधला कार्बन क्लोरीन काढून टाकतो, तेव्हा गाळलेलं पाणी त्याच दिवशी संपवा, एवढं बजावलं. झाकणाचे पैसे कुणी द्यायचे यावर जिन्यात रंगलेली चर्चा मी मात्र ऐकत बसलो नाही.

निघताना तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हळूच घरी बोलावलं. "आता माझ्या मशीनचं काय?"

"घेतलंय तर वापरा. आरओ मोरीत सोडून देतं ते रिजेक्ट पाणी तेवढं बादलीत धरा, लादी पुसायला."

"खारट असेल ना ते?"

मी नळीखाली पेला धरला, मीटर बुडवला आणि त्यांच्यासमोर केला. ९१.

"म्हणजे हेसुद्धा...?"

"हो. क्षारांचं म्हणाल तर पाचशेच्या पुष्कळ आत."

त्यांनी आत जाऊन मोठी बादली आणली.